आत्याच्या माडीवरची खोली

निपाणी
१८ ऑगस्ट २०२५

ती. चंदनाआत्या,
जय जिनेंद्र.

हे पत्र मी लिहून फाडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा फाडलं. आता आहे तसं पाठवतेय. फोन केला असता, पण आमच्या घरचा फोन तुला ठाऊक आहे. कुणाचाही आला की आप्पा स्पीकर चालू करून तो खताच्या पोत्यावर ठेवतात आणि दुकानात आलेलं गिऱ्हाईकसुद्धा मध्येच आपलं मत सांगून जातं. मला जे मागायचं आहे ते फक्त तुझ्याकडे मागायचं आहे.

एम.एस्सी.ला नाव लागलं हे तुला कळलंच आहे. मी विद्यापीठाच्या मुलींच्या हॉस्टेलसाठी अर्ज भरला. त्यात एक प्रश्न होता : बेळगाव शहरात जवळचे नातेवाईक राहतात का? माझ्या शेजारी जांबोटीची दिपाली बसली होती. पदवीला माझ्याच वर्गात होती ती. म्हणाली, "नाही म्हण की गं. कोण बघायला येतंय?" तिला नाही म्हणणं सोपं होतं, कारण तिचं बेळगावात खरंच कुणी नाही. जांबोटीहून रोज यायचं तर बसच्या नादात तिचं अर्धं आयुष्य जाईल. मी बराच वेळ कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत बसले. मग 'होय' लिहिलं. नाव : चंदना, टिळकवाडी. नातं : आत्या.

'होय' म्हटलं की त्या नातेवाइकाचं पत्र लागतं. मुलीची आमच्या घरी राहण्याची सोय होऊ शकत नाही, असं. ते नसेल तर अर्ज पुढे जात नाही. शेवटची तारीख १० सप्टेंबर.

तेवढं पत्र मला देशील का?

तुझ्या घराबद्दल माझी काही तक्रार नाही. फक्त विद्यापीठ शहराबाहेर, प्रयोगशाळा संध्याकाळपर्यंत चालणार, लायब्ररी तिथेच, आणि टिळकवाडीहून येण्याजाण्यात वेळ जाईल, एवढंच. तुला वाईट वाटेल या विचारानं मला चार दिवस नीट झोप नाही. वाईट वाटून घेऊ नकोस. घेतलंस तर तसं कळव.

मामांना नमस्कार. वृषभदादाला विचारलंय म्हणून सांग.

तुझी,
त्रिशला


टिळकवाडी, बेळगाव
२१ ऑगस्ट २०२५

चि. त्रिशला,
अनेक आशीर्वाद.

पत्रात एकही चूक नाही. अक्षर मात्र घाबरलेलं आहे. माझ्याकडे काही मागताना तुझं अक्षर कधी असं झालं नव्हतं, म्हणून मी पत्र दोनदा वाचलं. आणि दुसऱ्यांदा वाचल्यावर मला राग आला.

माझ्या घरी तुझी सोय होऊ शकत नाही असं मी लिहून द्यायचं? माडीवरची खोली आहे. तिला पूर्वेची खिडकी आहे. गेल्या महिन्यात तिला रंग लावून घेतला तो कुणासाठी? वृषभनं पुण्याहून बदली करून घेतल्यावर पहिलं काम काय केलं तर तुझ्यासाठी टेबल आणलं. ते जिन्यात अडकलं तेव्हा दोघा बापलेकांनी मिळून कठडा काढून वर चढवलं. एवढं सगळं असताना मी सहीनिशी सांगायचं, की माझ्या भावाच्या लेकीला माझ्या घरात जागा नाही?

तू म्हणतेस ते पत्र खोटं आहे, त्रिशला. अर्जात खोटं लिहायला तुला नको वाटलं, चांगलं आहे, ते तुला मीच शिकवलं. पण तुझं खरं राहावं म्हणून खोटं मी लिहायचं? हा कुठला प्रामाणिकपणा?

आणखी एक. तू दिवस मावळायच्या आत जेवतेस. हॉस्टेलात आठ वाजता ताटं वाढतात. कांदा-बटाट्याशिवाय त्यांची भाजी होत नाही. तिथे काय खाणार आहेस? चुरमुरे?

दिपालीसारख्या मुलींना इथे खरंच घर नाही. त्यांच्यातली एक जागा तू अडवणार. याचा विचार तुझ्यासारख्या विचारी मुलीनं केला नसेल असं मला वाटत नाही.

माझी शाळा सकाळची आहे. दुपारी मी घरी असते. सामान घेऊन ये. तुझ्या आप्पांशी माझं बोलणं झालंय.

तुझी,
आत्या


निपाणी
२५ ऑगस्ट २०२५

ती. आत्या,
जय जिनेंद्र.

तुझा टोमणा लागला, कारण तो बरोबर आहे. माझं खरं राहावं म्हणून तू खोटं लिहावंस असं मी मागितलं. ते चुकलं. ते मागणं मी परत घेते.

पण मग मीही तुला अर्धंच सांगितलं होतं. प्रयोगशाळा, लायब्ररी, वेळ हे सगळं खरं आहे, पण कारण ते नाही. खरं कारण आता लिहिते.

शनिवारी बस्तीत पूजेनंतर मी देवापुढच्या चटया गोळा करत होते. अंबुबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "आत्याकडं चाललीस व्हय गं? बरं झालं. आत्तापास्नं ऱ्हायलीस की घरची रीत आपसूक कळंल." बायका हसल्या. मी पण हसले, आत्या! मला काही कळलंच नाही. मी म्हटलं, "व्हय, तिथनं वृषभदादा मला गाडीनं सोडंल विद्यापीठात." तर त्या आणखी हसल्या. एकीनं तोंडाला पदर लावला.

घरी आल्यावर आईनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "चारचौघांत दादा दादा काय लावलीयास? आता त्याला दादा म्हणू नगंस."

मी विचारलं, "मग काय म्हणू?"

ती भाकरी थापत राहिली. मी पुन्हा विचारलं. "तुझ्या आप्पास्नी इच्यार," म्हणाली.

आप्पांना विचारलं. ते हसतच होते, राग वगैरे काही नाही. "मामाच्या लेकीवर भाच्याचा हक्कच असतोय की. शेवटाला तिथंच जायचं हाय. दोन वरसं आधी गेलीस तर काय बिघडलं? शिकायला कोण नको म्हणतंय का?"

म्हणजे माझ्या नावानं खोलीला रंग लागला, टेबल जिन्यात अडकलं, कठडा काढला, बस्तीतल्या बायकांना कळलं, अंबुबाईंना कळलं, आणि मला? मला एम.एस्सी.ला नाव लागलं एवढंच कळलं. तू लिहिलंस, "तुझ्या आप्पांशी माझं बोलणं झालंय." कशाचं बोलणं, ते लिहिलं नाहीस. चुका काढणारी तू. माझ्या पत्रात एक शब्द गाळला तरी तुला दिसायचा.

वृषभदादा वाईट आहे असं मी म्हणत नाही. मी त्याला दादा म्हणते, आणि म्हणत राहणार.

तुझ्या घरी राहायला आले तर मी भाडेकरू नाही, पाहुणी नाही, विद्यार्थिनीही नाही. पसंतीला आणून ठेवलेली मुलगी आहे. उद्या मी नको म्हटलं तर लोक म्हणतील, दोन वर्षं त्याच घरात राहिली आणि आता नको म्हणते. तेव्हा नको म्हणायचा माझा हक्क राहील का, तूच सांग.

जेवणाचं मी विचारून आले. चिकोडीकडच्या दोन मुली आहेत. त्यांचे डबे मेसच्या मावशी साडेपाचला भरून ठेवतात, कांदा-बटाट्याशिवाय. चुरमुरे खायची वेळ येणार नाही. दिपालीची जागाही मी अडवत नाही. तिला खोली मिळाली. तिच्याकडे मी हा विषय काढला तर माझ्यावरच ओरडली. "माझ्या नावानं तू कशाला रडतीस? माझं झालं. तुझं बघ."

मला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं आहे. ठरलंय का?

त्रिशला


टिळकवाडी
२९ ऑगस्ट २०२५

चि. त्रिशला,

ठरलंय का, म्हणून दरडावून विचारतेस. मी काय तुझ्या वर्गातली मुलगी आहे?

बोलणं झालं. ते मी नाकारत नाही. बोलणं होणं म्हणजे ठरणं नव्हे. आपल्यात भावाकडे त्याची मुलगी मागायची रीत काय आज आली? निपाणीपासून चिकोडीपर्यंत घराघरात हेच आहे. माहेरची माणसं दुरावू नयेत म्हणून बहीण मागते, यात चोरी कसली? वृषभमध्ये काय कमी आहे ते सांग. चांगली नोकरी, व्यसन नाही, आवाज चढवून बोलत नाही. बाहेरच्या घरात असा मुलगा शोधायला तुझ्या आप्पांना किती उंबरे झिजवावे लागतील, कल्पना आहे का?

पसंतीला आणून ठेवलेली मुलगी! हे शब्द तू माझ्या घराबद्दल वापरलेस. ज्या बाईनं तुला पाटीवर 'ग' काढायला शिकवलं, तिच्या घराबद्दल. माझी निपाणीला बदली झाली होती तेव्हा तीन वर्षं तू माझ्याच पंगतीला जेवायचीस, माझ्याच पाटीवर लिहायचीस. कन्नड शाळेत तुझं नाव घातल्यावर तुझं मराठी बुडेल म्हणून मी दर आठवड्याला तुझ्याकडून पत्र लिहून घेतलं आणि लाल शाईनं तपासून परत पाठवलं. त्या पत्रांचा उपयोग शेवटी यासाठी झाला.

ऐक. मीसुद्धा याच माडीवर राहायला आले होते. माझ्या आत्याकडे, एकोणिसाव्या वर्षी, डी.एड.ला. फक्त शिकण्यापुरती. मलाही तेव्हा बोर्डिंगात राहायचं होतं. तुझे आप्पाच म्हणाले, आत्याचं घर असताना बोर्डिंग कशाला? दिवाळीत शेजारच्या बायका मला सूनबाई म्हणून चिडवायला लागल्या. दुसऱ्या वर्षी त्यांनी चिडवायचं सोडलं, कारण त्यात चिडवण्यासारखं काही उरलं नव्हतं. माझ्यावर कुणी जबरदस्ती केली नाही. कुणी विचारलं नाही, एवढंच. आणि माझं काय वाईट झालं? तुझ्या मामांनी मला नोकरी करू दिली. स्वतःचा पगार स्वतःच्या हातात आहे. एक शब्द वाकडा बोलले नाहीत कधी.

रागाच्या भरात निर्णय घेऊ नये. दशलक्षण पर्व सुरू झालंय. निदान हे दहा दिवस मन शांत ठेव.

आत्या


निपाणी
४ सप्टेंबर २०२५

चंदनाआत्या यांस,

मी काल विद्यापीठात गेले होते. हॉस्टेलच्या ऑफिसात माझा अर्ज कुठवर आला ते विचारलं. क्लार्कनं नाव पाहिलं आणि म्हणाला, "निम्म अप्पा बंदिद्रु री." तुमचे वडील येऊन गेले. मुलगी टिळकवाडीला अत्तेच्या घरी राहणार, खोली नको, असं सांगून सही करून गेले.

मला वाटलं नावात काहीतरी घोटाळा आहे. मी म्हटलं, माझे वडील आले नव्हते. त्यानं सही दाखवली. आप्पांची सही मला ओळखता येते. मग तो आपणहून म्हणाला, "दारासमोरच्या गाडीत एक मॅडम पण होत्या. उतरल्या नाहीत. चष्म्याला गळ्यातली साखळी होती."

ती मोत्यांची साखळी मी तुम्हाला आणली होती. बारावीनंतर, शिकवणीच्या पहिल्या पैशातून.

आप्पांना विचारलं. त्यांनी ताट बाजूला सारलं. "बहिणीच्या घराला कुलूप हाय काय? लेक हॉस्टेलात ठिवली की लोकं म्हणत्यात, चंदनानं दार लावलं. तिचं नाक मी कापू काय?" मी म्हटलं, "आणि माझं?" तर म्हणाले, "तुझं काय? तुला कोण काय केलंय?" आणि त्यांना खरंच कळत नव्हतं, याचा मला जास्त राग आला. ते खोटं बोलत असते तर बरं झालं असतं.

पण त्यांना शिक्षण नाही. त्यांना कुणी शिकवलं नाही. तुम्ही तर शिकवता. तुम्ही गाडीत बसून काय बघत होता? काच वर होती का खाली?

'कुणी विचारलं नाही, एवढंच.' हे तुमचं वाक्य आहे. मी त्याच्याखाली लाल रेघ ओढली आहे. चूक म्हणून नाही. तुमच्या सगळ्या पत्रांत मला पूर्ण खरं वाटलेलं तेवढं एकच वाक्य आहे.

मी वॉर्डन मॅडमना भेटले. त्या म्हणाल्या, "तू सज्ञान आहेस, अर्ज तुझा आहे, वडिलांच्या सहीनं तो रद्द होत नाही. पण नातेवाइकाचं पत्र दहा तारखेपर्यंत आलं नाही तर माझ्या हातात काही नाही." मी हे तुम्हाला मागण्यासाठी लिहीत नाही. मी आता काही मागणार नाही. पत्र नसलं तर निपाणीहून रोज बसनं जाईन. पहाटे निघेन, काळोखात परतेन. दिवस मावळायच्या आत जेवण होणार नाही, तर उपाशी झोपेन. माडीवर येणार नाही.

सोमवारी क्षमावाणी आहे. दरवर्षी क्षमेचं पहिलं पत्र मी तुम्हाला लिहिते. यंदा लिहिणार नाही. मनात राग असताना क्षमा मागणं आणि देणं, दोन्ही खोटं. कागदावर खोटं लिहू नये, हे मला घरात शिकवलेलं आहे. कुणी शिकवलं ते तुम्हाला माहीत आहे.

त्रिशला


टिळकवाडी
क्षमावाणी, ८ सप्टेंबर २०२५

त्रिशला,

'तुम्ही' वाचलं आणि पाकिटावरचा पत्ता पुन्हा पाहिला. दुसऱ्या कुणाचं पत्र माझ्या हातात पडलं असं वाटलं.

काच वर होती.

तुझे आप्पा दुपारी आले. "चल, त्या हॉस्टेलचं काय ते बघून येऊ," म्हणाले. काय बघायचंय ते मला कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. ते आत गेले, मी गाडीत बसले. दोन मुली जिन्यावर बसून शेंगा खात होत्या, त्यांच्याकडे बघत राहिले. उतरावंसं वाटलं. उतरले नाही. त्याचं कारण मला सांगता येत नाही, आणि खोटं कारण तू चालवून घेणार नाहीस.

तुझं पत्र आलं तेव्हा वृषभ घरात होता. मी वाचून त्याच्या पुढ्यात टाकलं, कारण मला वाटलं तो माझी बाजू घेईल. त्यानं ते संपूर्ण वाचलं. मग म्हणाला, "आई, तू मला सांगितलीस, त्रिशलाला माडी पाहिजे. तिनं मागितली होती काय?"

मी म्हटलं, "तिनं कशाला मागायला पाहिजे? घरचीच आहे."

"आणि लग्नाचं? मला कोण विचारलंय?"

"तुला काय विचारायचं? लहानपणापासून बघतोस की तिला."

"तेच म्हणतोय मी! लहानपणापासनं ती मला दादा म्हणती. आता एकदम तिनं अहो म्हणायचं आणि मी ओ द्यायची? मला हसायलाच येईल गं." आणि तो हसलाही. पण मग म्हणाला, "तू मला न विचारता ठरवलीस ते एक. मी चार वर्षं पुण्यात होतो, माझं तिथं काही असेल असं तुला वाटलंच न्हाय?" काही आहे का, हे त्यानं सांगितलं नाही. मी विचारलं नाही. म्हणजे बघ, अजूनही मी विचारत नाही. सवय नाही.

त्यानं टेबल एकट्यानं खाली आणलं. या वेळी ते जिन्यात अडकलं नाही.

आज शाळा सुटल्यावर मी बसनं विद्यापीठात गेले. वॉर्डन मॅडम माझ्यापेक्षा वयानं लहान आहेत, पण खुर्ची अशी की मीच उभी राहिले. त्यांनी विचारलं, "तुमच्या घरात जागा नाही का?"

"आहे."

"मग?"

मी म्हटलं, "त्या खोलीत भाची म्हणून राहायला आलेली मुलगी सून होऊनच जिना उतरते. मी तशीच उतरले."

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "हे लिहू नका, फाइलमध्ये मावणार नाही. थोडक्यात लिहा." मी कन्नडात लिहिलं, तुला मराठीत सांगते : 'माझ्या घरी खोली आहे. त्रिशलाला तिथे राहायचं नाही. तिचं कारण तिनं मला कळवलं आहे आणि ते रास्त आहे. तिला वसतिगृहात जागा द्यावी.' यात खोटं एकही अक्षर नाही. तपासून घे हवं तर.

तिथूनच तुझ्या आप्पांना फोन लावला. मला माहीत होतं फोन कुठे आहे. म्हटलं, "आण्णा, स्पीकर चालूच ठेव." मग सांगितलं, त्रिशला हॉस्टेलात राहणार, मी सही केली आहे. चंदनानं दार लावलं म्हणू देत लोक, मीच लावलंय म्हणून सांग. आणि वृषभसाठी मी कुणाचीही मुलगी मागितलेली नाही, आजपासून. मग कुणीतरी गिऱ्हाईक मागून म्हणालं, "बाईंचं बराबर हाय की ओ." तुझ्या आप्पांनी फोन ठेवला. अजून केलेला नाही. करतीलही, नाही करणार तर नाही.

तुझ्या मामांना हे संध्याकाळी सांगितलं. त्यांनी विचारलं, "तुला तेव्हा बोर्डिंगात राहायचं होतं?" तीस वर्षं झाली आमच्या लग्नाला. त्यांना माहीत नव्हतं.

आज सगळ्यांना फोन केले, उत्तम क्षमा म्हटलं. तुला केला नाही. तू माझ्यावर जे शब्द टाकलेस त्याचा मला राग आहे. अजून आहे. तुझं म्हणणं बरोबर आहे म्हणून तो कमी होत नाही, उलट वाढतोय.

सामान आणताना पांघरूण जाड आण. तिकडे उघड्यावर वारा फार असतो.

आत्या


मुलींचे वसतिगृह
२१ सप्टेंबर २०२५

ती. आत्या,
जय जिनेंद्र.

खोली मिळाली. दिपाली शेजारीच आहे. तिनं पहिल्याच दिवशी माझ्या दारावर थाप मारून विचारलं, "काय मग, होय लिहून काय मिळालं?" मी म्हटलं, "नाही लिहिणाऱ्यांना मिळालं तेच. फक्त वाट लांबची होती." ती म्हणाली, "खुळी हैस." आणि जांबोटीहून आणलेल्या आमसुलाची पुडी दिली.

आप्पा सोडायला आले होते. ट्रंक स्वतः उचलून जिना चढले, मला हात लावू दिला नाही. खोलीची कडी दोनदा लावून बघितली. मग खाली वॉचमनला विचारलं, "रात्री गेट किती वाजता लावता?" त्यानं सांगितलं. "लवकर लावा," म्हणाले आणि गेले. मी त्यांच्यावर रागावलेली आहे आणि तेही माझ्यावर. आई म्हणते, दुकानात आता ते स्पीकर लावत नाहीत.

डबा साडेपाचला येतो. चिकोडीकडच्या दोघी आणि मी गच्चीवर जेवतो, पश्चिमेला तोंड करून, कारण उजेड तिकडे शेवटपर्यंत असतो.

काल रजिस्टरमध्ये स्थानिक पालकाचं नाव लिहायचं होतं. दुसरं कुणी नव्हतं म्हणून नाही, विचार करून तुझं लिहिलं. नात्याच्या रकान्यात 'आत्या' लिहिलं. हे नातं पुढे बदलणार तर नाही ना, म्हणून मॅडमनी सहज चेष्टेत विचारलं. तू त्यांना जे सांगून गेलीस ते त्या विसरलेल्या नाहीत. मी म्हटलं, नाही, आणि तो शब्द शाईनं गिरवला.

तुझं पत्र मी तपासलं. चूक नाही. पण तू गाडीतून उतरली नाहीस, ते माझ्या मनातून गेलेलं नाही. तू नंतर उतरलीस, बसनं आलीस, उभी राहिलीस, हे सगळं मला कळतं. तरी ते जात नाही. काच वर होती, हे तू सुरुवातीलाच लिहिलंस. तेवढ्यासाठी मी पत्र फाडलं नाही.

ते गेलं की तुला कळवीन. त्या दिवशी क्षमेचं पत्र लिहीन, मग भाद्रपद असो नसो. तोवर खोटं लिहिणार नाही.

पालकांना रविवारी भेटता येतं. ये. मुक्कामाला येऊ नकोस, खोलीत कॉट एकच आहे. दिवस मावळायच्या आत पोच, म्हणजे गच्चीवर एकत्र जेवता येईल.

त्रिशला